लिनक्सवर नव्या प्रोग्रॅमचा आयकॉन: आधी मेनूत आणा, मग डेस्कटॉपवर

प्रश्न थोडक्यात असा: मशीनवर उबुंटू २४.०४ हे लिनक्स आहे. इक्लिप्स या कोड लिहायच्या प्रोग्रॅमची टार फाइल (झिपसारखी बांधलेली) डाउनलोड करून होममध्ये, म्हणजे माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, उघडली. टर्मिनलमधून प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, पण ॲप्सच्या यादीत त्याचं नाव नाही आणि डॉकवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या आयकॉनपट्टीवर, पिनही करता येत नाही. कुठेतरी वाचून डेस्कटॉपसाठी शॉर्टकटची फाइल बनवली, तर डबल क्लिक केल्यावर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. आर्डुइनो या सर्किट बोर्डसाठी कोड लिहायच्या प्रोग्रॅमचं, आर्डुइनो आयडीईचं, ॲपइमेज (एकाच फाइलीत बांधलेला प्रोग्रॅम) घेतलं, तिथेही आयकॉनची तीच अडचण. काय करावं?

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधली लिनक्स मशीन्स सांभाळते. इक्लिप्स आणि आर्डुइनो हे दोन्ही आमच्याकडे रोजच्या वापरातले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. नुसत्या ओळी कॉपी करून काम होईलही, पण पुढच्या प्रोग्रॅमला परत अडाल. त्या फाइलीत काय चालतं ते एकदा कळलं, की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

टार फाइल उघडणं म्हणजे लिनक्सच्या लेखी इन्स्टॉल करणं नव्हे. एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या कमांडने, एखादं पॅकेज टाकता तेव्हा प्रोग्रॅम एका जागी जातो, आयकॉन दुसरीकडे जातो आणि तिसरी एक छोटी मजकुराची फाइल /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये जाते. तिच्या नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप असतं. मेनू, सर्च, डॉक, ‘ओपन विथ’ची यादी हे सगळं त्या तिसऱ्या फाइलीवरच चालतं. टार उघडलीत तेव्हा फक्त पहिली गोष्ट झाली. बाकीच्या दोन तुम्हाला हाताने करायच्या आहेत, आणि ते काम दहा ओळींचं आहे.

नावात डेस्कटॉप असलं तरी या फाइलीची खरी जागा डेस्कटॉपवर नाही. पहिल्यांदा करणारे जवळजवळ सगळेच इथे घसरतात: फाइल थेट डेस्कटॉपवर बनवतात आणि मग तिच्याशी झगडत बसतात. फाइल आधी मेनूच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिथे ती चालली, की डॉकवर पिन करणं हे एका राइट क्लिकचं काम, आणि डेस्कटॉपवर हवीच असेल तर तिची प्रत न्यायची. उलट्या क्रमाने गेलात तर चूक फाइलीतल्या ओळीत आहे की डेस्कटॉपच्या परवानगीत, हेच कळत नाही.

मेनूची फाइल तीन ठिकाणी चालते. /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स हे पॅकेजांचं घर, तिथे हाताने काही ठेवू नका. मशीनवरच्या सगळ्या युजरांना प्रोग्रॅम दिसायला हवा असेल तर /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स. फक्त तुमच्यापुरता हवा असेल तर होममधला .लोकल, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स. टिंबाने सुरू होणारे फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये लपलेले असतात. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. ॲप्लिकेशन्स हा फोल्डर नसेल तर बनवा, नावातली सगळी अक्षरं लहान आणि शेवटी एस.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे प्रोग्रॅम बसवायचे आणखी दोन मार्ग; त्यांच्या डॉट डेस्कटॉप फाइली त्यांच्या त्यांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि आपोआप तयार होतात. मशीनवर फ्लॅटपॅक नुकतंच बसवलं असेल आणि पहिल्या ॲपचा आयकॉन येत नसेल, तर एकदा लॉग आउट करून परत या, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. म्हणून कोणताही प्रोग्रॅम टार किंवा ॲपइमेज रूपात घेण्याआधी तो या मार्गांनी मिळतो का ते बघा. मिळत असेल आणि आवृत्ती चालण्यासारखी असेल, तर या उत्तराची गरजच उरत नाही.

आता इक्लिप्स. तो होममध्येच राहू द्या, फक्त डाउनलोड्समधून बाहेर काढा. डाउनलोड्स कधीतरी साफ केला जातो आणि आयकॉन मुका होतो. होममध्ये ॲप्स नावाचा फोल्डर करून त्यात इक्लिप्सचा फोल्डर ठेवा. /ऑप्ट या सगळ्या युजरांसाठीच्या फोल्डरमध्ये रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, मालकीने ठेवला तरी चालतो, पण मग इक्लिप्सला स्वतःच्या फोल्डरमध्ये अपडेट लिहिता येत नाहीत. एकट्याच्या लॅपटॉपवर होम बरं, लॅबमध्ये /ऑप्ट बरं.

मग टेक्स्ट एडिटर उघडा आणि .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये इक्लिप्स डॉट डेस्कटॉप या नावाने फाइल सेव्ह करा. खालच्या ओळी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे. फाइलीत त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=इक्लिप्स
एक्झेक=/होम/युजर/ॲप्स/इक्लिप्स/इक्लिप्स
आयकॉन=/होम/युजर/ॲप्स/इक्लिप्स/आयकॉन.एक्सपीएम
टर्मिनल=फॉल्स
कॅटेगरीज=डेव्हलपमेंट;आयडीई;
स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास=इक्लिप्स

युजरच्या जागी तुमचं लॉगिन नाव. पहिल्या ओळीतले चौकोनी कंस हवेतच, आणि डेस्कटॉप व एंट्री या शब्दांमध्ये एक स्पेस. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचे शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात. एक्झेक म्हणजे ई, एक्स, ई, सी एवढी चारच अक्षरं, त्यातलं पहिलं मोठं. फॉल्स मात्र पूर्ण लहान अक्षरांत. इथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो, आणि एक अक्षर चुकलं तरी बहुतेक वेळा कुठलाही संदेश येत नाही, आयकॉन फक्त दिसत नाही. इक्लिप्सच्या फोल्डरमध्ये आयकॉन डॉट एक्सपीएम ही फाइल त्यांनीच दिलेली असते, म्हणून चित्र शोधत फिरायची गरज नाही.

फाइल सेव्ह केली की काही सेकंदांत सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबून इक्लिप्स टाइप करून बघा. लॉग आउट लागत नाही, मशीन रीस्टार्ट तर अजिबातच नाही. अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस ही कमांड चालवा असं जागोजागी लिहिलेलं सापडेल. ती कमांड कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची याची यादी नव्याने बनवते. मेनूत नाव येण्याशी तिचा संबंध नाही. ॲप्लिकेशन्सचा फोल्डरच नव्याने बनवला असेल तर मात्र कधीकधी एकदा लॉग आउट करावं लागतं.

दिसलं नाही तर अंदाज बांधत बसू नका. डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही कमांड द्या आणि पुढे फाइलीचं नाव. फाइल निर्दोष असेल तर ती काहीच छापत नाही, चूक असेल तर कोणत्या ओळीत काय खटकलं ते सांगते. कमांड सापडत नसेल तर डेस्कटॉप-फाइल-यूटिल्स हे पॅकेज टाका. मी आजही प्रत्येक फाइल यातून काढल्याशिवाय पुढे जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाच्या ओळीकडे येऊ, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी तिथल्याच असतात. “टर्मिनलमध्ये चालतं, आयकॉनवर क्लिक केलं की काहीच होत नाही.” याचं मूळ असं, की एक्झेकची ओळ टर्मिनलमधून जात नाही. तिथे बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, नसतो. तुम्ही टर्मिनलमध्ये जे गृहीत धरता ते इथे कुणी करून देत नाही.

त्यातून काय काय होतं बघा. होमसाठी आपण जे ~ चिन्ह वापरतो ते इथे उलगडत नाही, डॉलर होमही नाही. म्हणून पूर्ण पत्ता लिहायचा, /होमपासून. दोन कमांड && ने जोडल्या, किंवा एकीचं उत्तर दुसरीला पाइप केलं, तर ते चिन्हही प्रोग्रॅमला नुसता मजकूर म्हणून दिलं जातं. असं काही करायचंच असेल तर एक लहानशी स्क्रिप्ट लिहा, तिला चालवायची परवानगी द्या आणि एक्झेकमध्ये त्या स्क्रिप्टचा पत्ता द्या. बॅश -सी लिहून सगळं एका ओळीत कोंबता येतं, पण अवतरणचिन्हांच्या जंजाळात हमखास गोंधळ होतो. मी स्क्रिप्टच सुचवेन. एखादाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारं एक सेटिंग) द्यायचा असेल तर एक्झेकमध्ये सुरुवातीला एन्व्ह, मग नाव=किंमत, मग प्रोग्रॅमचा पत्ता, एवढ्यात भागतं.

पाथचा, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फोल्डरांत शोधले जातात त्या यादीचा, घोटाळा याच कुळातला. जावा, नोड किंवा कोंडा ही प्रोग्रॅमिंगची साधनं बसवताना त्यांच्या ओळी .बॅशआरसीमध्ये जातात. ती फाइल टर्मिनल उघडताना वाचली जाते. तुम्ही लॉगिन करता तेव्हा ग्राफिकल सेशन तिच्या वाटेला जात नाही. म्हणजे टर्मिनलला तुमचा जावा माहीत आहे, मेनूला नाही. उपाय दोन. एक, त्या ओळी .प्रोफाइलमध्ये हलवून लॉग आउट करून परत येणं. दुसरा, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जावाचा पूर्ण पत्ता देणं. इक्लिप्ससाठी तो इक्लिप्स डॉट आयएनआय फाइलीत -व्हीएम या ओळीच्या पुढच्या ओळीवर देतात, आणि या दोन ओळी -व्हीएमआर्ग्जच्या आधी याव्या लागतात. अलीकडच्या इक्लिप्स पॅकेजांत जावा सोबतच येतो, त्यामुळे तुम्हाला बहुधा हे लागणार नाही. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना लागतं.

तिसरा प्रकार कमी दिसतो, पण आला की फार वेळ खातो. काही प्रोग्रॅम आपल्या डेटा फाइली चालू फोल्डरमध्ये शोधतात. टर्मिनलमध्ये तुम्ही आधी त्या फोल्डरमध्ये जाता आणि मग ./ लावून प्रोग्रॅम सुरू करता, म्हणून त्या सापडतात. आयकॉनवरून सुरू केल्यावर चालू फोल्डर बहुधा तुमचं होम असतं. टारमध्ये येणारे छोटे गेम आणि जुनी शैक्षणिक सॉफ्टवेअर यात हटकून अडकतात. त्यासाठी पाथ= अशी स्वतंत्र ओळ आहे, तिच्यात प्रोग्रॅमच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. वरच्या परिच्छेदातला पाथ आणि हा पाथ वेगळे. इथे पहिलंच अक्षर मोठं, बाकीची लहान.

पत्त्यात स्पेस असेल तर एक्झेकमध्ये पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात घाला. आयकॉन आणि पाथ या ओळींत मात्र अवतरणचिन्ह घालायचं नाही, तिथे ते पत्त्याचाच भाग समजलं जातं. खरं तर फोल्डरच्या नावात स्पेस ठेवूच नका, हा प्रश्नच मिटतो. ओळीच्या शेवटी # लावून टीप लिहायची सवय असेल तर तीही इथे सोडा. टीप चालते, पण स्वतंत्र ओळीवर, # ने सुरू होणारी. आणि फाइल विंडोजवर बनवून पेन ड्राइव्हने आणली असेल तर ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे येतात आणि एक्झेकच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटतं. अशी फाइल लिनक्सच्या एडिटरमध्ये नव्याने टाइप केलेली बरी.

एक्झेकच्या शेवटी %एफ किंवा %यू लावलेलं तुम्ही इतर फाइलींत पाहाल. राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ने एखादी फाइल या प्रोग्रॅममध्ये उघडली, की त्या जागी त्या फाइलीचा पत्ता येतो. लहान अक्षर एका फाइलीसाठी, मोठं एकदम अनेक फाइलींसाठी; यू असेल तर वेबपत्तेही चालतात. हे न लावल्यास प्रोग्रॅम उघडतो, पण फाइल उघडत नाही.

डॉकवर पिन केलेला इक्लिप्स सुरू केला आणि शेजारी दातेरी चाकाचा दुसराच आयकॉन उगवला, तर स्टार्टअपडब्ल्यूएमक्लासची ओळ चुकली आहे. खिडकी कोणत्या आयकॉनची हे डेस्कटॉप या ओळीवरून ओळखतो. खरं नाव बघण्यासाठी ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, ऑल्ट आणि एफ२ दाबा, एलजी ही दोन अक्षरं टाइप करून एंटर करा, आणि उजवीकडच्या विंडोज या टॅबवर जा. उघड्या असलेल्या प्रत्येक खिडकीपुढे तिचा डब्ल्यूएम क्लास लिहिलेला असतो. तोच, जसाच्या तसा, लहान-मोठ्या अक्षरांसकट फाइलीत घाला. एस्केपने बाहेर या. एक्सप्रॉप ही जुनी कमांड सांगणारे अनेक भेटतील, पण वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) सेशनमध्ये ती सगळ्या खिडक्यांवर चालत नाही. वेलँडवर प्रोग्रॅम आपली ओळख ॲप आयडीने सांगतो, म्हणून डॉट डेस्कटॉप फाइलीचं नावच त्या आयडीप्रमाणे ठेवलं तर बऱ्याचदा ही ओळही लागत नाही.

आता आर्डुइनो. ॲपइमेज म्हणजे सगळं एका फाइलीत बांधलेला प्रोग्रॅम, आणि त्याच्या पोटात त्याची स्वतःची डॉट डेस्कटॉप फाइल आणि आयकॉन तयारच असतात. आधी फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तिला चालवायची परवानगी द्या. नंतर टर्मिनलमध्ये त्याच फाइलीला --ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट हा पर्याय देऊन चालवा. शेजारी स्क्वॉशएफएस-रूट नावाचा फोल्डर तयार होईल. त्यातली डॉट डेस्कटॉप फाइल तुमच्या .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये न्या आणि आयकॉनची पीएनजी ॲप्स फोल्डरमध्ये. फाइल उघडलीत तर एक्झेकमध्ये ॲपरन असा शब्द दिसेल. त्या शब्दाच्या जागी तुमच्या ॲपइमेजचा पूर्ण पत्ता घाला, आयकॉनच्या ओळीत पीएनजीचा पत्ता द्या, बाकीचं राहू द्या. डब्ल्यूएम क्लासची ओळ बहुधा त्यांनीच लिहिलेली असते. काम झालं की स्क्वॉशएफएस-रूट काढून टाका.

ॲपइमेजच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो. तो काढून फाइलीला साधं आर्डुइनो-आयडीई असं नाव द्या. पुढची आवृत्ती आली की त्याच नावाने जुनीच्या जागी ठेवायची. आयकॉनला हात लावावा लागत नाही. लॅबमध्ये ही एक सवय लावल्यापासून “आयकॉन गेला” ही तक्रार जवळपास बंद झाली.

उबुंटू २४.०४ वर ॲपइमेजच्या वाटेत दोन अडथळे आहेत आणि दोन्हींचा दोष लोक आयकॉनला देतात. पहिला फ्यूजचा, म्हणजे ॲपइमेजच्या पोटातल्या फाइली फोल्डरसारख्या उघडून देणाऱ्या सोयीचा. ॲपइमेजला बऱ्याचदा फ्यूजची दुसरी पिढी लागते आणि २२.०४ पासून ती उबुंटूबरोबर येत नाही. २४.०४ वर लिबफ्यूज२टी६४ हे पॅकेज टाका. नुसतं फ्यूज नावाचं पॅकेज मात्र टाकू नका. ते नवं फ्यूज३ काढून टाकतं आणि त्याच्यावर उभी असलेली डेस्कटॉपची पॅकेजंही सोबत जाऊ शकतात. एपीटी काय काय काढणार याची यादी दाखवतो, वाय दाबण्याआधी ती वाचा.

दुसरा सँडबॉक्सचा, म्हणजे प्रोग्रॅमला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाचा. २४.०४ मध्ये उबुंटूने सामान्य प्रोग्रॅमना युजर नेमस्पेस (असं कुंपण उभारायची लिनक्सची सोय) बनवण्यावर ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेमार्फत बंधन घातलं. इलेक्ट्रॉन या वेब तंत्राच्या चौकटीवर बांधलेले प्रोग्रॅम, आर्डुइनो आयडीई २ त्यातलाच, सँडबॉक्ससाठी तेच वापरतात. मग टर्मिनलमध्ये सँडबॉक्सची तक्रार छापून प्रोग्रॅम बंद पडतो. एक्झेकमध्ये --नो-सँडबॉक्स लावलं की तो सुरू होतो, आणि ॲपइमेजमधून काढलेल्या फाइलीत तो पर्याय बहुधा आधीच असतो, म्हणूनच ती फाइल वापरा असं मी वर सांगितलं. हा पर्याय संरक्षणाचा एक थर काढतो, हे लक्षात असू द्या. आपलाच कोड लिहायच्या आयडीईसाठी मी तो चालवून घेते. बाहेरची पानं उघडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ब्राउझरसाठी तर नाहीच, तिथे त्या प्रोग्रॅमची ॲपआर्मर प्रोफाइल बनवणं हाच योग्य रस्ता.

आता तुमच्या मूळ हट्टाकडे, डेस्कटॉपवरचा आयकॉन. ग्नोमने २०१८ मध्ये, ३.२८ या आवृत्तीत, डेस्कटॉपवर आयकॉन ठेवायची सोयच काढून टाकली. फेडोरा वर्कस्टेशनवर किंवा डेबियनच्या ग्नोमवर म्हणून डेस्कटॉप फोल्डरमध्ये काहीही ठेवलं तरी पडद्यावर काही येत नाही. उबुंटू एक एक्स्टेन्शन जोडून ती सोय टिकवून आहे, त्यामुळे तुमच्याकडे ती चालेल.

मेनूत चालणारी फाइल कॉपी करून डेस्कटॉप फोल्डरमध्ये ठेवा. प्रॉपर्टीजमध्ये ती चालवायची परवानगी द्या, आणि इतरांना लिहायची परवानगी असेल तर ती काढा. मग डेस्कटॉपच्या पडद्यावर, फाइल मॅनेजरच्या खिडकीत नव्हे, तिच्यावर राइट क्लिक करा आणि ‘अलाउ लाँचिंग’ निवडा. तुमची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडत होती ती इथेच अडल्यामुळे. फाइल मॅनेजरच्या खिडकीत डबल क्लिक केलं तर ती आजही एडिटरमध्येच उघडेल. ग्नोमने ते मुद्दाम तसं ठेवलं आहे.

सिस्टिमचा मराठी इंटरफेस लावला असेल तर या फोल्डरचं नावही बदललेलं असू शकतं, आणि इंग्रजी नावाने बनवलेला फोल्डर मग कामाचा नसतो. एक्सडीजी-युजर-डिर ही कमांड आणि पुढे डेस्कटॉप हा शब्द मोठ्या अक्षरांत द्या, खरा पत्ता समोर येईल.

‘अलाउ लाँचिंग’ला लोक कटकट म्हणतात. मला ती पायरी फार महत्त्वाची वाटते. डॉट डेस्कटॉप फाइल स्वतःचं नाव आणि चित्र हवं ते दाखवू शकते, आणि पोटात हवी ती कमांड ठेवू शकते. पीडीएफचं चित्र लावून ‘मीटिंगची नोटीस’ असं नाव दिलं की साध्या माणसाला ते कागदपत्रच वाटेल. २०१७ मध्ये ग्नोमच्या फाइल मॅनेजरमध्ये नेमकी हीच त्रुटी नोंदवली गेली, आणि विश्वास असल्याचं युजरने सांगितल्याशिवाय अशी फाइल न चालवण्याची दुरुस्ती आली. हे जुनं प्रकरण समजू नका. २०२५ मध्ये भारतातल्या सरकारी कार्यालयांवर अशाच फाइलींनी हल्ले झाल्याचं सुरक्षा संशोधकांनी उघड केलं: ईमेलमधून झिप फाइल, आत पीडीएफ भासणारी डॉट डेस्कटॉप फाइल, आणि नेम धरलेला होता सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेल्या बॉस लिनक्सवर. म्हणून कुणीही पाठवलेल्या डॉट डेस्कटॉप फाइलीला परवानगी देण्याआधी ती एडिटरमध्ये उघडा आणि एक्झेकची ओळ वाचा. तिथे अगम्य लांबलचक मजकूर किंवा नेटवरून काही ओढणारी कमांड दिसली तर फाइल काढून टाका.

ग्नोमऐवजी दुसरा डेस्कटॉप (सिनॅमन, केडीई, एक्सएफसीई) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये मेनूतल्या नावावर राइट क्लिक केलं की डेस्कटॉपवर घ्यायचा पर्याय समोरच असतो. नवा लाँचर करायचा तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करा. शेवटी तो मेनूतही घालू का असं विचारतो, तिथे हो म्हणा. केडीईमध्येही मेनूतून राइट क्लिक, आणि मेनू संपादनासाठी केमेनूएडिट. एक्सएफसीईमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून लाँचर बनवता येतो. हाताने लिहायचा कंटाळा असेल तर मेनूलिब्रे हे साधन चांगलं आहे, ॲपइमेजसाठी गिअर लिव्हर. यातलं काहीही वापरलं तरी शेवटी तयार होते ती हीच डॉट डेस्कटॉप फाइल. ग्नोम, केडीई, सिनॅमन या सगळ्यांनी मानलेला हा एकच नमुना आहे, फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवलेला; त्यामुळे वर बनवलेली फाइल डेस्कटॉप बदलला तरी तशीच चालते.

एक गोष्ट मी लॅबमध्ये आवर्जून करते, तुम्हीही करून बघा. नेमच्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: नेम, लगेच चौकोनी कंसात एम आणि आर ही दोन लहान रोमन अक्षरं, मग बरोबरचं चिन्ह आणि पुढे मराठी नाव, देवनागरीत. इंटरफेस मराठी असेल तेव्हा तेच नाव दिसतं, इंग्रजी असेल तेव्हा मूळ नाव. कॉमेंट आणि कीवर्ड्स या ओळींनाही असंच करता येतं. कीवर्ड्समध्ये ‘जावा;प्रोग्रॅमिंग;कोड;’ असे शब्द अर्धविराम देत लिहिले की मराठीत सर्च केलं तरी इक्लिप्स सापडतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह असावी, जी लिनक्सच्या एडिटरांत आपोआप असते. मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘सर्किट’ टाइप करून आर्डुइनो सापडतो तेव्हा त्यांचा मशीनशी व्यवहार बदलतो. खूप मोठ्या प्रोग्रॅमांना मराठी नाव द्यायचं राहून गेलेलं असतं. आपल्या मशीनपुरतं ते आपल्याला आज देता येतं.

तेच पॅकेजने आलेल्या प्रोग्रॅमलाही करता येतं. त्याची डॉट डेस्कटॉप फाइल /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्समधून तुमच्या .लोकलमध्ये त्याच नावाने कॉपी करा आणि ती प्रत बदला. नाव तेच असल्यामुळे तुमची प्रत मूळ फाइलीला झाकते. पण झाकते ती पूर्ण. पुढे पॅकेजने मूळ फाइलीत काही सुधारलं तर ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही. काही विचित्र वागायला लागलं तर ही प्रत बाजूला करून बघायची. एखादं नको असलेलं नाव मेनूतून लपवायचं असेल तर याच प्रतीत नोडिस्प्ले=ट्रू अशी ओळ घाला.

बऱ्याच मशीन्स सांभाळणाऱ्यांसाठी: प्रोग्रॅम /ऑप्टमध्ये, फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये, मालक रूट, परवानगी ६४४ (मालकाला लिहायची, बाकीच्यांना फक्त वाचायची). मुलांच्या होममध्ये एकेक फाइल टाकत बसू नका. पुढच्या वर्षी आवृत्ती बदलली की ती सगळी शोधावी लागतात.

प्रोग्रॅम काढताना त्याचा फोल्डर, ॲप्लिकेशन्समधली फाइल आणि डेस्कटॉपवरची प्रत, तिन्ही हाताने काढा. टारला अनइन्स्टॉलर नसतो.

एवढं करूनही क्लिकवर काहीच होत नसेल तर दोन गोष्टी करा. टर्मिनलमध्ये जीटीके-लाँच आणि पुढे तुमच्या फाइलीचं नाव, डॉट डेस्कटॉपशिवाय, असं द्या. मेनू जी ओळ चालवतो तीच यातून चालते. ही कमांडही टर्मिनलचा पाथ घेऊनच चालते, म्हणून इथे चाललं आणि मेनूतून नाही चाललं तर घोटाळा पाथचाच आहे असं समजा. दुसरं, एका खिडकीत जर्नलसीटीएल --युजर -एफ चालू ठेवा आणि मग मेनूतल्या आयकॉनवर क्लिक करा. त्या क्षणी खाली ज्या ओळी उमटतील त्यात कारण लिहिलेलं असतं: फाइल सापडली नाही, परवानगी नाही, लायब्ररी नाही. त्या ओळी आणि तुमची डॉट डेस्कटॉप फाइल जशीच्या तशी इथे द्या, मी बघून सांगते.